कांद्याआधीचा वास

आक्का,

तुझ्या दाराची कडी मी अजून बसवून घेतलेली नाही. कोयंडा उखडला तिथे चौकटीचं लाकूड आतून पांढरं निघालं आहे, आणि नाक जवळ नेलं तर त्याला अजून बाभळीचा कडवट वास येतो. वरून काळी पडलेली चौकट आत एवढी ताजी राहिली असेल असं वाटलं नव्हतं. शेजारच्या रत्नाकाकू म्हणाल्या, "सुताराला सांगू का गं, सुमन?" मी म्हटलं, राहू द्या. ती कडी तू जगाविरुद्ध लावत होतीस, पण बाहेर उभं राहून ती सरकल्याचा आवाज ऐकणारी बहुतेक वेळा मीच असे. तुटलेली असली तरी तिच्यावरचा माझा राग अजून शाबूत आहे.

येणारे जाणारे तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. कुणी म्हणतं सोसलं बिचारीनं, कुणी म्हणतं शेवटी सुखाची चार वर्षं तरी मिळाली. मी चहाचे कप पुढे करते आणि मनात तुझा मत्सर करते. गेलेल्या माणसाचा करू नये म्हणतात. पण तुझ्याशी माझं सगळ्यात जुनं नातं तेच आहे, ते तेराव्यापर्यंत आवरून ठेवणं मला जमणार नाही.

आई गेली तेव्हा मी रांगतही नव्हते. तुझे दुधाचे दात पडून नवे आले होते. म्हणजे तुझ्या वाट्याला आई आली ती चांगली शहाण्या वयापर्यंत. तिच्या मांडीची ऊब, तिचा ओरडा, तिच्या हातचा मार, सगळं. माझ्या वाट्याला तिच्याविषयीची वाक्यं आली. आप्पा मेंढरं घेऊन परतले की म्हणायचे, "सुमी चालती बग, आक्षी तिच्यावानी." मी अंगणात पुन्हा पुन्हा चालून बघे, स्वतःच्या पायांत ती दिसते का म्हणून. फोटो नव्हता. तू मात्र कधी तिच्याविषयी बोलत नसायचीस. तुझ्या या गप्प राहण्याला मी दुःख समजत होते. आता कळतं, ज्याच्या घरी धान्य भरलेलं आहे तो कशाला पेरणीच्या गोष्टी काढील.

तुला फिट येऊ लागली तेव्हा मी पाटी-पुस्तक घेऊन शाळेत जायला लागले होते. आपल्याकडे उपाय दोनच, नाकाला चप्पल नाहीतर कांदा. आप्पा धावत येऊन पायातली वहाण तुझ्या तोंडाजवळ धरायचे. जतच्या त्या वाळल्या रानातून दिवसभर चाललेली, शेणाने, घामाने, मेंढरांच्या लेंड्यांनी माखलेली वहाण. मला ते सहन होईना. म्हणून कांद्याचं काम मी मागून घेतलं. उंबऱ्यावर कांदा ठेवायचा, मूठ वळून एक बुक्की हाणायची, फुटलेला गर तुझ्या नाकाशी न्यायचा. त्याचा तिखट, ओला वास माझ्याच डोळ्यांत आधी शिरे. मग तुझ्या पापण्या हलत, ओठांची ती रिकामी चघळणी थांबे, आणि तू डोळे उघडून पहिल्यांदा बघत असायचीस ती मला.

आक्का, मला आयुष्यात जे काही मिळालं त्यात ती नजर सगळ्यात मोठी होती. तू कुठेतरी जातेस आणि माझ्या हातच्या वासाने परत येतेस, ही माझी पक्की समजूत. शेजारच्या पोरींना आया होत्या. मला, जिला मी दर खेपेला मरणातून परत आणते अशी बहीण होती. मी त्यांच्याकडे जरा वरूनच बघत असे.

पुढे तुझं लग्न झालं आणि मोडलं. सासरी चुलीपुढे बसलेली असताना फिट आली, डावा हात कोपरापर्यंत भाजला, आणि हाताला पट्टी बांधलेली असतानाच त्यांनी तुला माहेरी आणून घातलं. त्या दिवसापासून तुझ्याभोवती नियमांचं कुंपण पडलं. विस्तवाजवळ जायचं नाही. विहिरीवर जायचं नाही. एकटं झोपायचं नाही. दाराला कडी लावायची नाही. तू न्हाणीत नुसतं दार लोटून आंघोळ करायचीस आणि बाहेर दगडावर पाठमोरी बसून मी पाढे म्हणायची, आत पाण्याचा आवाज थांबला की हाक द्यायची. "हाय गं, जित्ती हाय," तू आतून म्हणायचीस. "म्हन तुजा चौदाचा पाडा. चौदा सत्ते कायतरी चुकलीस बग."

मी साताऱ्याला शिकायला आले, तिथेच कविता शिकवू लागले. ओळींमधून वास, रंग, स्पर्श कसे उभे राहतात हे फळ्यासमोर समजावून देण्याचा मला पगार मिळतो. तू आप्पांबरोबर गावीच राहिलीस. गोळ्यांनी तुझ्या हिरड्या सुजल्या, जीभ जड झाली, फिट मात्र हटली नाही. आप्पा गेले, आणि मी तुला साताऱ्याला आणलं. त्या काळातच सांगलीच्या एक मेंदूच्या डॉक्टर आपल्याला भेटल्या. त्यांनी प्रथमच वेगळी भाषा काढली. म्हणाल्या, गोळ्यांना दाद न देणारी अशी फिट कधी कधी मेंदूच्या एकाच लहानशा जागेतून सुरू होते, आणि ती जागा नेमकी सापडली तर काढून टाकता येते. तुझ्या स्कॅनमध्ये उजव्या कानशिलाच्या आतला भाग आकसलेला दिसत होता, पण डावीकडेही थोडी शंका होती. चुकीच्या बाजूला हात घालून चालणार नव्हतं. म्हणून तुला वॉर्डमध्ये ठेवून, गोळ्या कमी करून, डोक्याला तारा चिकटवून, कॅमेऱ्यासमोर फिट येण्याची वाट बघायची होती. ज्या पाहुण्याला आपण जन्मभर दारातून हाकललं, त्याच्यासाठी पाट मांडून बसायचं.

त्या आधी डॉक्टरांनी आपल्या दोघींना समोर बसवून विचारलं, "सुरुवात कशाने होते?"

उत्तर मी दिलं. माझ्याहून कोण जास्त जाणणार होतं? मी सांगितलं, नजर एका जागी थिजते, ओठ चघळल्यासारखे हलतात, उजवा हात पदराचा काठ चिवडत राहतो, डावा मनगटात वळून ताठ होतो. मला आठवतं, मी चांगलं सांगत होते. एखादं कडवं उलगडून दाखवावं तसं.

डॉक्टरांनी ते सगळं लिहून घेतलं. "हे फार उपयोगाचं आहे," त्या म्हणाल्या, "पण हे पसरायला लागल्यानंतरचं झालं. पाट कुठे फुटला ते शेवटच्या वाफ्यात उभं राहून कळत नाही ना? त्याच्या आधीचं बाहेरून कुणाला दिसायचं नाही. ते यांनाच विचारायला हवं." आणि त्यांनी खुर्ची तुझ्याकडे वळवली.

तू पदराशी चाळा करत म्हणालीस, "वास येतो."

"कांद्याचा," मी म्हणाले. "मीच हुंगवते तिला. लहानपणापासून."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. बाहेरून नाकाशी धरलेल्या वासाचा त्यांना काही उपयोग नव्हता. तुझी ती एकमेव खूण माझ्या एका शब्दाने पुसली जाणार होती. तेव्हा तू हसलीस. सुजलेल्या हिरड्यांचं, तोंडावर हात धरून हसलीस.

"कांदा मागनं येतो, बाई. कांद्याच्या आदी आय येती."

खोलीत पंखा फिरत होता. डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "कोण येतं?"

"आमची आय. दिसत न्हाई काय. वास येतो तिचा. हितनं," तू पोटावर हात ठेवलास, "हितनं वर वर चढतो आन् नाकात भरतो. वली घोंगडी, ताक, करडीचं तेल, आसलं. लय ग्वाड. मग ती जवळ बसल्यागत वाटतं. मग मला काय ठावं न्हाई." आणि माझ्याकडे न बघता तू पुढचं वाक्य बोललीस. "ही कांदा आनती, आन् आय जाती."

वर्षानुवर्षं, महिन्यातून कितीदा तरी, ती येत होती. तुझ्याकडे. ज्या घरात मी अंगणात चालून चालून तिला माझ्या पायांत शोधत होते, त्याच घरात ती तुझ्या नाकापर्यंत येऊन बसत होती, आणि मी, तिची धाकटी, मूठ वळून तिला हाकलून लावत होते.

डॉक्टरांनी मला नंतर बाजूला घेऊन समजावलं. वास ही फार महत्त्वाची खूण आहे, ती कानशिलाच्या आतल्या भागाकडे बोट दाखवते. बहुतेकांना जळाल्याचा, कुजल्याचा, नकोसा वास येतो. असा सुखाचा वास क्वचित कुणाला. मी मान हलवत होते. त्यातही तू नशीबवान निघालीस एवढंच माझ्या मनात चाललं होतं.

वॉर्डमधले ते दिवस तुला आठवायचे नाहीत, निदान तसं तू म्हणायचीस. तुझ्या केसांत जागोजाग डिंकासारखं काही लावून तारा बसवल्या होत्या, त्याचा स्पिरिटसारखा उग्र दर्प उशीला लागला होता. तुझ्या हातात एक बटण दिलं होतं, वास येऊ लागला की दाबायचं. माझ्या पिशवीत दोन कांदे होते. सिस्टरांना ते सापडले तेव्हा तूच मला वाचवलंस. "भाकरीसंगं खायाला हायती, सिस्टर. तुमी बी घ्या एक." त्यांनी बजावलं, फिटमध्ये नाकातोंडाशी काही न्यायचं नाही, नुसतं कुशीवर वळवायचं आणि जवळ राहायचं. जवळ राहायचं. हात रिकामे ठेवून.

एका दुपारी ती आली. नंतर डॉक्टरांनी ती फिट पडद्यावर दाखवली तेव्हा मी ती खरी पाहिली. आधी प्रत्येक वेळी मी कांद्याकडे धावण्यात होते. त्या चित्रात तू माझ्याशी भडंगाबद्दल बोलते आहेस, त्यात शेंगदाणे कमी घालतात म्हणून तक्रार करते आहेस. मग थांबतेस. आपणहून बटण दाबतेस. आणि मान किंचित वर करून, दारात कुणी उभं असावं तशी बघतेस. आक्का, तुझा चेहरा असा उजळलेला मी कधीच पाहिला नव्हता. तुझ्या लग्नातही नाही. मी पहिल्या पगाराची साडी आणली तेव्हाही नाही. मग ओठ, मग उजवा हात पदराशी, मग डावा ताठ. मध्येच तू स्पष्ट म्हणतेस, "बस की, लगीच कुठं निगालीस?" डॉक्टर म्हणाल्या, फिटमध्ये असं नीट बोलता येणं हीसुद्धा उजव्या बाजूची खूण आहे, कारण बहुतेकांची वाचा डावीकडे असते. पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात रेघा होत्या. त्यांनी पेन्सिलीने दाखवलं, उजव्या कानाजवळच्या तारांतून लाट आधी उठली आहे, बाकीच्या रेघा अजून निवांत आहेत. "इथे," त्या म्हणाल्या. "इथून सुरू होते."

आईचा पत्ता मला त्या दिवशी मिळाला. उजवं कानशील, आतल्या अंगाला.

त्याच चित्रात मी आहे. मी उठते, माझा हात पिशवीकडे जातो, अर्ध्यावर थांबतो. मग मी तुझ्याजवळ नुसती उभी राहते. आणि तू परत येतेस. कांदा नाही, चप्पल नाही, माझी मूठ नाही. काहीही न करता तू आपली आपण परत येतेस आणि पहिल्यांदा छताकडे बघतेस.

पुढच्या तपासण्या झाल्या, स्मरणशक्तीच्याही. सगळ्यांनी बोट उजवीकडेच दाखवलं. डॉक्टरांनी तुला धोके सांगितले, शक्यता सांगितली. तू एकच विचारलंस.

"मग त्यो वास?"

"जागाच काढल्यावर तो बहुधा येणार नाही," त्या म्हणाल्या. खोटं बोलल्या नाहीत याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

सांगलीच्या स्टँडवर आपण साताऱ्याच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. तुझ्या डोक्याला रुमाल होता, मांडीवर भडंगाची पुडी. मी म्हटलं, "आक्का, ती आई नाहीये गं. ती आजाराची लाट आहे. मेंदू जुनं काहीबाही जुळवतो आणि वास तयार करतो."

"आन् तुजी कविता कुठनं येती?" तू दाणे वेचत म्हणालीस. "ती बी कवटीतच फिरत असंल की. का ती एस्टीनं येती?"

मला हसू आलं, म्हणून वाद तिथेच अर्धा राहिला. तू उरलेले दाणे संपवलेस. मग म्हणालीस, "मला कडी लावून आंगूळ करायची हाय, सुमे. आतनं कडी लावायची, वाटंल तेवडं पानी घ्यायचं, आन् कुनी हाक मारायची न्हाई. चूल बी माजी मी पेटवनार. येवडंच." पुडीचा कागद तू नीट घडी करून ठेवलास. "आय काय, ती लय डाव येऊन भेटली. तिला म्हनावं आता फुरं."

मग तू माझ्याकडे वळून बघितलंस. अगदी कांद्यानंतरच्या त्या नजरेने, जिच्यात पहिली मी असे. "तुला बरं वाटलं न्हवं? आता दोगी सारक्या."

गाडी लागली. मी तुझी पिशवी उचलली. त्या प्रश्नाचं उत्तर तू पुन्हा कधी मागितलं नाहीस. तुला ते माझ्या तोंडावर दिसलंच असणार.

पुण्यात ऑपरेशन झालं आणि फिट थांबली. गोळ्या हळूहळू कमी झाल्या, हिरड्या उतरल्या, आणि तू हट्टाने गावी परत गेलीस. घराला आतून कडी, न्हाणीला आतून कडी. मी सुट्टीत यायची तेव्हा दार वाजवावं लागे.

"कोन हाय?"

"मी."

"मी म्हंजे कोन? हितं लय जनी येत्यात." आत तू हसत असायचीस आणि मुद्दाम उशीर लावायचीस. धुरात डोळे चोळत तू चुलीपुढे बसून भाकरी थापायचीस, भाजलेल्या हाताने, एकटी, राणीसारखी. मला त्या चुलीचाही मत्सर वाटला. इतकी वर्षं मी तुझी कडी होते. लोखंडाच्या एका तुकड्याने माझी जागा घेतली होती.

एका दिवाळीत मी वेडेपणा केला तो तुला आठवेल. साताऱ्याच्या स्वयंपाकघरात मी आप्पांची घोंगडी पाण्याने ओली केली, तिच्यावर ताक शिंपडलं, करडईचं तेल कढवून जवळ ठेवलं. तुला पाटावर बसवून म्हटलं, डोळे मीट आणि सांग. निदान एकदा मला तो वास मिळावा म्हणून. तू लांब श्वास घेतलास. पुन्हा घेतलास. मग हळूच म्हणालीस, "समदं हाय गं. पर ह्यात बाई न्हाई."

कविता शिकवताना मी त्या वाक्यापाशी किती वेळा येऊन थांबले आहे. एवढं चार शब्दांत मला कधी सांगता आलं नाही. तोही मत्सर मांडून ठेवते इथे.

आणि मग या उन्हाळ्यात तुझा फोन आला. इकडचं तिकडचं बोललीस, टँकर आला नाही म्हणालीस, मग विचारलंस, "सुमे, आयचा त्यो वास मी तुला सांगितल्याला. कसा हुता गं?"

मी तुझेच शब्द तुला परत दिले. ओली घोंगडी, ताक, करडईचं तेल, पोटातून वर चढणारा, फार गोड.

"व्हय," तू म्हणालीस. आणि थोड्या वेळाने, "आसंल."

त्या 'आसंल'नंतर मी फोन धरून बसून राहिले. आता आपण खरोखर सारख्या झालो होतो. तुझ्याकडेही फक्त वाक्यं उरली होती, तीही माझ्याकडून उसनी घेतलेली. इतकी वर्षं हव्या असलेल्या बरोबरीत मला बसायला जागाच सापडेना. तुझ्याकडे ते होतं तेव्हा ते निदान घरात होतं.

रत्नाकाकूंचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते. सकाळी दार उघडलं नाही, हाका मारल्या, शेवटी कडी तोडली. तू अंथरुणात होतीस, कुशीवर, हात उशाखाली. डॉक्टर म्हणाले हृदय. फिटची एकही खूण नव्हती असं ते म्हणाले आणि मी ते मानते. गाडी कडेगावच्या उसातून गेली, खिडकीतून मळीचा आंबूस गोड वास आला, मग ऊस सरला, बाभळी लागल्या, वारा कोरडा झाला. सगळ्या वाटेत मला एकच प्रश्न होता, आणि तो दुःखाचा नव्हता. ती आली होती का? शेवटच्या क्षणी, उजव्या कानशिलात जागा उरली नसतानाही, ती पत्ता शोधत आली का? आणि आलीच असेल तर याही खेपेला तुझ्याकडेच का?

घरात शिरल्यावर मी आधी रडले नाही. मी श्वास घेतला. बायकांनी वाट दिली, मी तुझ्या डोक्याशी बसले आणि कुत्र्यासारखा वास घेत राहिले. सारवलेली जमीन होती, विझलेली चूल होती, तुझ्या वेणीतलं खोबरेल होतं. दुसरं काहीही मला आलं नाही. पण तुझा चेहरा, आक्का. तो चेहरा मी त्या पडद्यावर पाहिला होता. मान किंचित वर, दारात कुणी उभं असावं तशी.

बाहेर आंघोळीचं पाणी तापत होतं. मी उठून चुलीमागच्या टोपलीतून एक कांदा घेतला, उंबऱ्यावर ठेवला आणि मूठ वळून फोडला.

"सुमन, आगं आता कशाला?" कुणीतरी म्हणालं.

"करू द्या तिला," रत्नाकाकू म्हणाल्या.

मी तो तुझ्या नाकाशी धरला. कांदा आणला की आई जायची, आणि तू डोळे उघडायचीस. पाणी तापून उतरलं, बायकांनी दोनदा हाक मारली, गर सुकून माझ्या बोटांना चिकटला. मी हात काढला नाही. जाऊ दे तिला, आक्का, तिचं लय झालं. तू ये.